मृतसाठ्याला हात लावण्याआधी

"दोनशे बाइटांसाठी पोराला पंधरा दिवस कशाला छळताय?" माझ्या एका जुन्या सहकारी मित्राने मला विचारलं.

पोरगा बारामतीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, घर मोरगावचं. लिनक्स कर्नलमधल्या एका यूएसबी ध्वनी ड्रायव्हरमध्ये त्याने काही बदल केले होते आणि मेंटेनरकडे धाडण्याआधी पॅच मला वाचायला दिला होता. मी त्यावर सात शेरे लिहिले. त्यांतले पाच एकाच गोष्टीवर होते: मेमरी कुठे मागितली, कोणत्या शब्दात मागितली, किती मागितली आणि परत कोण करणार. सहकाऱ्यांनी ते शेरे पाहिले आणि मला खडसावलं. त्यांनी बरीच वर्षं पुण्यात ड्रायव्हर लिहिले आहेत, तेव्हा त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. म्हणून ते त्यांच्याच जोराने इथे मांडतो.

ते म्हणतात, आज साध्या फोनमध्ये चार-सहा गिगाबाइट मेमरी असते. ड्रायव्हर मागून मागून मागणार किती? लहान मागणी कर्नल बहुधा नाकारतच नाही. चुका हुडकायला कोक्सिनेल आहे, केसॅन आहे, सिझकॉलर आहे. शिवाय हा आवाजाचा ड्रायव्हर. बिघडला तर स्पीकर खरखरेल, यापलीकडे काय होणार? रिव्ह्यू करणाऱ्याने तर्क तपासावा, रजिस्टरमध्ये बरोबर आकडा जातोय का ते पाहावं. केमॅलॉक की केझॅलॉक असा घोळ घालत बसणं हे निव्वळ सोवळं आहे आणि नव्या मुलांना पळवून लावायचा तो खात्रीचा उपाय आहे.

मुलं पळून जातात हे खरं आहे, आणि त्याचं मला वाईट वाटतं. मेमरीच्या नावाखाली खरोखरच किरकोळ शेरे मारले जातात. साइझऑफच्या कंसात स्ट्रक्चरचं नाव लिहिलंस, पॉइंटर लिही. मेमरी मिळाली नाही तर संदेश छापू नकोस, कर्नल स्वतःच छापतो. हे सांगायला चेकपॅच नावाची स्क्रिप्ट आहे, माणसाचा वेळ त्यात घालवू नये. माझ्या सातांपैकी दोन शेरे याच जातीचे होते. ते मी मागे घेतले. उरलेल्या पाचांवर मात्र मी ठाम होतो, आणि का ते सांगायला हा लेख.

‘आवाजच तर आहे’ इथून सुरुवात करतो, कारण या म्हणण्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

२०२४ च्या डिसेंबरात सर्बियात एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा अँड्रॉइड फोन पोलिसांकडे असताना उघडला गेला. फोन बंद कुलपात होता. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या सुरक्षा प्रयोगशाळेने त्याची तपासणी करून २८ फेब्रुवारी २०२५ रोजी अहवाल दिला. सेलेब्राइट या कंपनीचं साधन वापरलं गेलं होतं आणि त्या साधनाने पासवर्डच्या वाटेला न जाता यूएसबीची वाट धरली होती. फोनला एकामागून एक खोटी उपकरणं जोडल्यासारखं भासवलं गेलं: एक वेबकॅम, एक टचपॅड, आणि क्रिएटिव्ह कंपनीचा साउंडब्लास्टर एक्स्टिजी. हा एक्स्टिजी म्हणजे या शतकाच्या सुरुवातीला विकला जाणारा बाहेरून जोडायचा साउंड कार्डाचा डबा. आज तो कुणाच्या घरी असेल तर माळ्यावर असेल. पण त्याला सांभाळून घेणारा कोड कर्नलमध्ये तसाच होता आणि जगभरातल्या फोनांत पोहोचला होता.

त्या कोडमध्ये काय होतं ते नीट पाहण्यासारखं आहे. यूएसबी उपकरण जोडलं की कर्नल त्याला विचारतो, तुझ्याकडे कॉन्फिगरेशन किती? उपकरण आकडा सांगतं, आणि त्या आकड्याच्या हिशेबाने कर्नल मेमरी घेतो. एक्स्टिजीची तऱ्हा अशी की सुरू झाल्यावर तो रूप बदलतो, म्हणून ध्वनी ड्रायव्हर त्याची माहिती पुन्हा एकदा वाचून जुन्या माहितीवर लिहीत असे. दुसऱ्या वेळी उपकरणाने मोठा आकडा सांगितला तर? नोंदवहीत नवा आकडा आला, मेमरी मात्र पहिल्या आकड्याएवढीच राहिली. पुढे उपकरण काढताना साफसफाईचा कोड नव्या आकड्याने चालत जातो आणि आपल्या हद्दीबाहेर, दुसऱ्याच्या मेमरीत शिरतो. या दोषाचा क्रमांक सीव्हीई-२०२४-५३१९७. दुरुस्ती काही ओळींची: नवी माहिती आधी वेगळ्या जागी वाचायची, आकडा पहिल्यापेक्षा मोठा असेल तर नाकारायची.

माझ्या मित्रांनी सांगितलेला तर्क तिथे शाबूत होता. रजिस्टरंही बरोबर लिहिली जात होती. बिनसलं होतं ते एवढंच की मेमरी एका आकड्याने मागितली आणि वापरली दुसऱ्या आकड्याने. ‘हा आकडा कुणी सांगितला आणि तो नंतर बदलू शकतो का’ एवढं कुणीतरी पॅच वाचताना विचारायला हवं होतं. मुलाच्या पॅचवर माझा पहिला शेरा नेमका हाच होता. उपकरणाने सांगितलेल्या चॅनेलांच्या संख्येला त्याने स्ट्रक्चरच्या आकाराने सरळ गुणलं होतं. गुणाकार उलटून लहान झाला तर मेमरी थोडी मिळते आणि लिहिणारा मात्र पूर्ण लिहितो. गुणाकार स्वतः तपासणारे केमॅलॉक-ॲरे आणि केकॅलॉक याचसाठी आहेत, आणि २०१८ साली कर्नलभर असले उघडे गुणाकार शोधून बदलले गेले ते कुणाला सोवळं आवडतं म्हणून बदलले गेले नाहीत.

त्याच फोनवर वापरलेला आणखी एक दोष ध्वनीतला नाही, कीबोर्ड-टचपॅड सांभाळणाऱ्या एचआयडी विभागातला आहे, तरी तो इथे सांगायलाच हवा. उपकरणाकडून येणारा अहवाल ठेवायला तिथे केमॅलॉकने बफर घेतला जायचा. केमॅलॉक जागा देतो, ती विसळून देत नाही. आधीच्या मालकाचं उष्टं तिच्यात तसंच असतं. घडवून आणलेल्या अहवालातून ते उष्टं, म्हणजे कर्नलच्या पोटातली माहिती, बाहेर काढता येत होती. दुरुस्ती काय? केमॅलॉकच्या जागी केझॅलॉक, जो जागा शून्याने पुसून देतो. इंग्रजीत लिहिलं तर एका अक्षराचा फरक. सीव्हीई-२०२४-५०३०२. अँड्रॉइडच्या मार्च २०२५ च्या सुरक्षा दुरुस्त्यांत हे एक अक्षर होतं, आणि एक्स्टिजीची दुरुस्ती एप्रिलमध्ये आली. ज्या मुलाचा फोन उघडला गेला त्याच्यासाठी दोन्ही उशिरा आल्या. केमॅलॉक की केझॅलॉक या प्रश्नाला सोवळं म्हणणाऱ्याने त्या मुलाला एकदा आठवावं.

आता ‘मेमरी स्वस्त आहे’ याकडे वळतो.

त्यासाठी आधी आमच्याकडच्या पाण्याकडे पाहू. मोरगाव बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यात येतं. बाहेरच्या माणसाला बारामती म्हटलं की ऊस दिसतो, नीरेचा डावा कालवा दिसतो. त्या कालव्याचं पाणी आमच्याकडच्या माळाला चढत नाही. आमची भिस्त कऱ्हेवर, आणि कऱ्हा अडवली आहे वर जेजुरीजवळ, नाझऱ्याच्या धरणात. पावसाने ओढ दिली की बातमीतला ‘उपयुक्त साठा’ हा शब्द जातो आणि ‘मृतसाठा’ येतो. धरणात पाणी असतं, लांबून चमकतही असतं, पण ते दाराच्या खाली असतं. पंप लावून ते उपसता येतं. उपसायचं कुणासाठी हा प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक आहे: प्यायला. त्या पाण्यावर कुणी मका भिजवला तर गाव त्याला विचारतं. तालुक्यात पाणी किती आहे हे सांगून त्याची सुटका होत नाही.

कर्नलात अगदी हीच व्यवस्था आहे, आणि तिथल्या खुणांचं नावही वॉटरमार्क असंच आहे. मेमरीच्या प्रत्येक विभागाला तीन खुणा: वरची, खालची आणि किमान. मोकळी पानं खालच्या खुणेखाली गेली की केस्वॅपडी जागा होतो आणि वरच्या खुणेपर्यंत पानं सोडवत राहतो. किमान खूण गाठली की जीएफपी-कर्नल म्हणून मागणाऱ्याला थांबावं लागतं, पानं सोडवायच्या कामाला स्वतः लागावं लागतं. जीएफपी-ॲटॉमिक म्हणून मागणारा मात्र थांबत नाही, आणि त्याला किमान खुणेच्याही खाली हात घालायची मुभा आहे. ही मुभा कुणासाठी? ज्याला खरोखर थांबता येत नाही त्याच्यासाठी. इंटरप्टमध्ये उभा असलेला कोड, नुकतंच आलेलं नेटवर्कचं पाकीट ठेवायला जागा हवी असलेला कोड.

मुलाच्या पॅचमध्ये ते दोनशे बाइट ट्रिगर या कॉलबॅकमध्ये मागितले होते. गाणं सुरू करा, थांबवा, हे सांगणारा तो कॉलबॅक. अल्सामध्ये, म्हणजे लिनक्सच्या ध्वनी व्यवस्थेत, तो सर्वसाधारणपणे स्पिनलॉक धरून चालतो, तिथे झोपता येत नाही. त्याने आधी जीएफपी-कर्नल लिहिलं होतं. चालवल्यावर कर्नलने तक्रार केली की झोपू शकणारं फंक्शन चुकीच्या ठिकाणी बोलावलं आहे. मग त्याने शब्द बदलून जीएफपी-ॲटॉमिक केला. तक्रार थांबली, गाणं वाजलं, आणि त्याला वाटलं दुरुस्ती झाली. माझ्या मित्रांनाही तसंच वाटतं. माझं म्हणणं असं की तक्रार मिटली आणि चूक तिथेच राहिली. गाणं सुरू होण्याआधी ओपन होतं, हार्डवेअरची मापं ठरवणारा एचडब्ल्यू-पॅरॅम्स होतो, प्रिपेअर होतं. या सगळ्यांत निवांत थांबायची सोय आहे. मेमरी तिथे मागायची. ट्रिगरपर्यंत हात हलवत यायचं आणि मग ‘मला थांबता येत नाही’ म्हणून राखीव साठ्यात हात घालायचा, हे मृतसाठ्यावर मका भिजवण्यासारखं आहे.

दोनशे बाइटच ना, असं कुणी म्हणेल. पण मेमरीची तंगी आली तर जीएफपी-ॲटॉमिक सरळ नकार देतो. त्याला वाट पाहायची परवानगीच नाही. म्हणजे ज्या शब्दाला ‘खात्रीचा’ समजून लिहिलं तोच अडचणीच्या वेळी सगळ्यात आधी हात वर करतो. ४८,००० हर्ट्झवर १,०२४ नमुन्यांचा एक तुकडा साधारण २१ मिलिसेकंदांत संपतो. तंगीच्या क्षणी याच घाईत आपण मागणी करतो, आणि आपल्यासारख्या शंभर ड्रायव्हरांनी ‘दोनशेच बाइट’ म्हणून तो साठा आधीच हलका केलेला असतो.

स्वस्ताईत आणखी एक गोष्ट दडते. मेमरी पुष्कळ असणं आणि सलग असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला शिकवावं लागू नये. तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालचा, तरी आमच्याकडे आठ-अ उताऱ्यावर दहा एकर असलेल्या माणसाचं दोन एकराचं सलग रान सापडायची मारामार. व्हीमॅलॉक हा आठ-अ उतारा आहे. विखुरलेली पानं तो एकाखाली एक सलग दाखवतो आणि प्रोसेसरला तेवढं पुरतं. यूएसबीच्या किंवा साउंड कार्डाच्या डीएमएला, म्हणजे प्रोसेसरला वगळून थेट मेमरीत जाणाऱ्या यंत्रणेला, हा उतारा वाचता येत नाही, तो प्रत्यक्ष रानात उतरतो आणि पहिल्याच बांधाला अडतो. म्हणून केमॅलॉक, व्हीमॅलॉक आणि डीएमएसाठीची खास मागणी यांतलं काय निवडलं हे पाहिल्यावर त्या जागेचा वापर कोण करणार ते कळतं, कळायला हवं. कर्नलमध्ये प्रत्येक साउंड कार्डामागे पीसीएम बफरांना ३२ मेगाबाइटांची मर्यादा आहे. १६ बिटांच्या स्टिरिओ आवाजाची ४८,००० हर्ट्झवर ती जेमतेम तीन मिनिटं. ती घातली गेली कारण मर्यादा नसताना साधा प्रोग्रॅमही मागून मागून सगळी मेमरी खाऊ शकत होता. स्वस्त म्हणणाऱ्यांनी तेही पाहावं.

‘लहान मागणी नाकारली जात नाही’ हे बरंचसं खरं आहे. ४ किलोबाइटांची आठ पानं, म्हणजे ३२ किलोबाइटांपर्यंतची जीएफपी-कर्नल मागणी कर्नल पुन्हा पुन्हा प्रयत्न करून बहुधा भागवतो. पण तसं वचन त्याने कुठेही दिलेलं नाही, आणि त्यावरून ‘मग अपयशाची वाट कशाला वाचायची’ असा जो निष्कर्ष माझे मित्र काढतात तो तर साफ चूक आहे. अपयशाची वाट फक्त मेमरी संपल्यावर चालवली जात नाही. उपकरणाने वेडंवाकडं वर्णन दिलं तरी कोड त्याच वाटेने परततो. यूएसबी मिडीच्या ड्रायव्हरमध्ये २०१६ साली सापडलेला सीव्हीई-२०१६-२३८४ आठवावा. मिडीचं स्ट्रक्चर एकदा अल्साच्या स्वाधीन केलं की ते मोडायची जबाबदारी अल्साची. तयार करणाऱ्या फंक्शनने मात्र पुढे अपयश आल्यावर तेच स्ट्रक्चर स्वतःही मोडलं. एकच जागा दोनदा परत केली गेली, आणि हे घडवायला मेमरी संपावी लागत नव्हती, एक खोटं यूएसबी उपकरण पुरत होतं. दुरुस्ती ४.५ आवृत्तीच्या आधी झाली. जास्तीचं मोडणं तेवढं काढून टाकलं. तसलं मोडणं पॅचमध्ये दिसतं, पण वाचणाऱ्याने ‘आता ही जागा कुणाची’ हा प्रश्न मनात धरला असेल तरच खुपतं.

साधनांचा मी ऋणी आहे. वर सांगितलेल्या जातीचे किती दोष त्यांनी काढलेत याची मला जाणीव आहे. पण साधनाला करार वाचता येत नाही. तकाशी इवाई यांनी लिहिलेल्या अल्सा ड्रायव्हरच्या मार्गदर्शिकेत एक इशारा आहे: एचडब्ल्यू-पॅरॅम्स एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा बोलावला जाऊ शकतो, तेव्हा तिथे दरवेळी नवीन बफर घेऊ नका, जुना गळून जाईल. मुलाने नेमका तिथेच एक तक्ता घेतला होता, आणि एचडब्ल्यू-फ्रीमध्ये एकदाच सोडला होता. त्याने चाचणी घेतली होती, एका गाण्याची. गाणं एकदा सुरू होतं, एकदा बंद होतं, गळती शून्य. ज्या प्रोग्रॅमने चार वेळा मापं बदलून पाहिली तिथे तीन तक्ते हरवले असते. गळती शोधणाऱ्या केमेमलीकला ते सापडलं असतं, जर कुणी ती चाचणी चालवली असती तर. वाचणाऱ्याला ते चाचणीशिवाय दिसतं.

मग सगळीकडे डेव्हएम वापरा, उपकरण गेलं की मेमरी आपोआप सुटेल, असं तरुण मंडळी म्हणतात. उपकरण जातं तेव्हा फाइल उघडी असते का, हे आधी पाहा. यूएसबीची दोरी हिसकली तरी प्रोग्रॅमने ध्वनीची फाइल धरून ठेवलेली असू शकते. अशा वेळी शेवटची फाइल मिटेपर्यंत थांबणारी वेगळी सोय अल्साला करावी लागली आहे. आपोआप म्हणजे योग्य वेळी, असं नव्हे.

मुलांना पळवून लावण्याबद्दल मात्र मला माझ्या मित्रांना उलट विचारायचं आहे. ज्या मुलाला आपण फक्त ‘छान झालं’ म्हणून पुढे पाठवतो त्याच्याशी आपण बरोबरीने वागतो का? मोरगावहून बारामतीला रोज एसटीने जाणाऱ्या या मुलाला शेजारी बसवून कर्नल शिकवणारं कुणी नाही. मोठ्या कंपनीत नोकरी लागलेल्याला मेमरी कशी मागायची ही निवड जेवणाच्या टेबलावर कळते. याला ती फक्त शेऱ्यातूनच कळणार आहे. आपण शेरा गिळला तर त्याचं ज्ञान तेवढं कमी राहणार, आणि मेंटेनरने नंतर एका ओळीत पॅच परत केला तर कारणही कळायचं नाही. शेरा लांब असावा, कारणासहित असावा, आवाज खालचा असावा. पंधरा दिवस लागले तर लागले.

त्याने दुसरी आवृत्ती पाठवली. ट्रिगरमधली मागणी ओपनमध्ये गेली होती, गुणाकाराच्या जागी केकॅलॉक होता, वापरकर्त्याकडे जाणारा बफर केझॅलॉकने घेतला होता, एचडब्ल्यू-पॅरॅम्समधला तक्ता जुना असेल तर आधी सोडला जात होता. पाचवा शेरा त्याने मानला नाही. सोळा किलोबाइटांच्या एका तक्त्यासाठी मी केव्हीमॅलॉक सुचवलं होतं, म्हणजे सलग जागा मिळाली तर ठीक, नाहीतर विखुरलेली चालेल. त्याने उत्तरात दुसऱ्या एका फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक दिला. तिथे हाच पॉइंटर यूएसबीच्या कंट्रोल संदेशाला दिला जातो, म्हणजे तो डीएमएकडे जातो. त्याने लिहिलं होतं, "सर, माझ्या लॅपटॉपवर तुमचं म्हणणं नेहमी चाललं असतं, कारण इथे सलग जागा मिळते. बरेच दिवस चालू असलेल्या जुन्या फोनवर अडकलं असतं." मी ती फाइल उघडून पाहिली. त्याचं बरोबर होतं. केमॅलॉक तसाच ठेवून, त्याचं कारण वर एका ओळीत लिहून, त्याने पॅच मेंटेनरकडे धाडला.